डावीकडचं धुकं

रात्रीचा एक वाजून गेला असेल. दशावतारी नाटकातला संकासूर नुकताच रंगावर येऊन लोकांना हसवून, विष्णूच्या हातून मरून आत गेला होता. मी देवळामागच्या पाण्याच्या टाकीशेजारी उकिडवा बसून एकच फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होतो. उजव्या कडेचा मृदंगवाला खणखणीत. मधला संकासूर, काळा पोशाख आणि लोंबती लाल जीभ, चालण्यासारखा. डावीकडे रंगमंचाच्या पायाशी बसलेली पोरं मात्र खोबरेल लावलेल्या काचेतून पाहावीत तशी. फोटोतला खरा ऐवज ती पोरंच होती. संकासुरानं त्यांच्याकडे तोंड वळवलं तेव्हा एक मुलगी आज्जीच्या पदरात शिरली आणि मुलगा उठून पळाला. ते सगळं डावीकडे.

काम होतं एका दशावतारी नाटकाची पूर्ण रात्र टिपायचं. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावची जत्रा. नट रंगायला बसतात तिथून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत सगळं. एका संस्थेला दस्तऐवज म्हणून हवं होतं, म्हणजे फोटो सुंदर नसले तरी चालतील पण वाचता आले पाहिजेत. फ्लॅश मारायचा नाही ही अट त्यांची, आणि माझीही. रात्री तीन वाजता राजपार्टी, म्हणजे राजा झालेला नट, रंगात येऊन बोलतोय, संवाद लिहिलेले नाहीत, तिथल्या तिथे सुचतायत, आणि त्याच्या डोळ्यांत कुणी फ्लॅश मारला तर मी नट असतो तर मुकुट फेकून मारला असता.

फ्लॅश नाही म्हटल्यावर उघड्या लेन्स हव्यात, म्हणजे ज्यांचं ॲपर्चर, उजेड आत सोडणारं भोक, मोठं उघडतं अशा. माझ्याकडे बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सोनीची, २०१८ साली आलेली ए-सेव्हन थ्री. तिच्यासोबतची झूम लेन्स दिवसाउजेडी गुणी, रात्री आंधळी. सोनीच्या उघड्या लेन्सच्या किमती बघून मी दुकानातून दोनदा परत आलो आहे. पण त्याआधी मी निकॉनवाला होतो. कपाटात हातानं फोकस करायच्या जुन्या निक्कोर, म्हणजे निकॉनच्याच लेन्स, होत्या: २४ एफ २.८, १०५ एफ २.५, आणि एक धूड ८०-२०० एफ २.८. पहिला आकडा फोकल लेंग्थचा, मिलिमीटरमध्ये; एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. त्या सोनीवर बसवायला बाराशे रुपयांचा एक ॲडॅप्टर घेतला आणि संसार पुन्हा सुरू झाला.

ॲडॅप्टर म्हणजे काय, तर पोकळ नळी. आत काच नाही, वायर नाही, काहीच नाही. निकॉनच्या एसएलआरमध्ये लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असतं, कारण मधे आरसा हलायला जागा लागते. १९५९ पासून ते बदललेलं नाही. सोनीत आरसाच नाही, तिथे अंतर १८. उरले २८.५, तेवढ्या लांबीची हवा या नळीनं भरून काढायची. कॅननच्या ईएफ लेन्सचं अंतर ४४, म्हणून त्यांची नळी २६ ची. लांब अंतराची लेन्स छोट्या अंतराच्या बॉडीवर अशी नळी घालून बसते. उलटं करायचं तर लेन्स बॉडीच्या आत ढकलावी लागेल. म्हणूनच कॅननच्या जुन्या एफडी लेन्स, अंतर ४२, १९८७ साली ईएफ आल्यावर नव्या बॉड्यांवर धड बसेनात आणि वर्षानुवर्षं भंगाराच्या भावात पडून राहिल्या. मिररलेस, म्हणजे बिनआरशाचे कॅमेरे, आल्यावर त्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळालं.

माझ्या लेन्सना ॲपर्चरची रिंग आहे, म्हणून ही मुकी नळी चालते. कॅनन ईएफचं ॲपर्चर विजेवर चालतं, त्यांना मुकी नळी लावली तर ते बंदच होत नाही, उघडं राहतं. त्यांना बोलका ॲडॅप्टर लागतो, आत चिप असलेला. माझा भाचा त्या रात्री दुसऱ्या बॉडीवर व्हिडिओ करत होता, त्याच्याकडे उसनी आणलेली कॅनन ७०-२०० आणि तसला बोलका ॲडॅप्टर होता. अंधारात तो ॲडॅप्टर फोकस शोधत एवढा पुढेमागे जायचा की पाचव्या मिनिटाला पोरानं ऑटो बंद करून टाकलं. बोलका झाला म्हणून शहाणा असतोच असं नाही.

मुक्या नळीतून बॉडीला काहीच कळत नाही. फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव येत नाही, ॲपर्चर येत नाही. संस्थेला ती नोंद हवी होती, म्हणून मी खिशात वही आणि पेन्सिल ठेवली होती: वेळ, लेन्स, आकडा. आणि बॉडीतलं स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर मोडायला चित्र टिपणारा सेन्सर हलवणारी सोय, लेन्स किती मिलिमीटरची आहे हे विचारतं, ते प्रत्येक वेळी हातानं भरावं लागतं.

टाकीशेजारी बसल्यावर पहिला संशय तिथेच गेला. मेनू उघडला तर खरंच १०५ भरलेलं. नट रंगत असताना १०५ लावली होती, नंतर २४ लावली आणि आकडा बदलायला विसरलो. म्हणजे कॅमेरा १०५ ची थरथर समजून सेन्सर वाजवीपेक्षा जास्त ढकलत होता. सापडला चोर, असं वाटून हायसं वाटलं. २४ भरलं, दोन फोटो काढले. डावीकडे तसंच धुकं.

मग दव. कोकणात जत्रांच्या दिवसांत मध्यरात्रीनंतर स्कूटरची सीट ओली होते, लेन्सच्या पुढच्या काचेचं काय घेऊन बसलात. पुसली, श्वास सोडून पुन्हा पुसली. फरक नाही. आणि दव पडलं तर सगळीकडे पडेल, एकाच बाजूला कशाला पडेल? हे मला आधी सुचायला हवं होतं, पण रात्री एक वाजता बुद्धीलाही दव पडलेलं असतं.

१०५ लावली. रंगमंचाचे चार फोटो. कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ. पुन्हा २४, पुन्हा धुकं. झालं, लेन्स मेली. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली, आतली एखादी काच हलली असणार. भाच्याला म्हटलं, चोवीस गेली रे. तो म्हणाला, "मामा, काल तर बरी होती."

काल बरी होती. आणि काल संध्याकाळनंतर तिला कुणी हात लावला नव्हता. मग हात कशाला लावला होता? ॲडॅप्टरला. आदल्या दिवशी कुडाळच्या लग्नात याच ॲडॅप्टरवर ८०-२०० चढवून दिवसभर बॉडीच्या पट्ट्यानं खांद्याला लटकवली होती. त्या धुडाला स्वतःचा पाया आहे, वजन तिथे घ्यायचं असतं, हे मी स्वतः दहा पोरांना सांगितलेलं आहे. वर ती तशीच जोडलेली बॅग मोटरसायकलला बांधून खड्ड्यांतून घरी आलो.

पण मग १०५ का साफ? इथे मला एक गणित आठवलं, जे ॲडॅप्टर घेतला तेव्हा शिकलो होतो आणि विसरलो होतो. नळी हवी त्यापेक्षा ०.१ मिलिमीटर लांब झाली, तर लेन्स इन्फिनिटीवर, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेवर, ठेवूनही ती खरं तर किती लांबचं पाहते? फोकल लेंग्थचा वर्ग भागिले ती चूक. १०५ चा वर्ग अकरा हजार पंचवीस, भागिले ०.१, म्हणजे एकशे दहा मीटर. तेवढ्या लांबचं काही जत्रेत टिपायचं नव्हतं, आणि हातानं फोकस करताना मी ती चूक नकळत भरून काढत होतो. २४ चा वर्ग ५७६. भागिले ०.१, पावणेसहा मीटर. तीच चूक, पण रुंद लेन्स पावणेसहा मीटरपलीकडे आंधळी. जाडसर कागदाच्या एका पानाएवढी फट, आणि शिव्या खाते बिचारी लेन्स.

खात्री करायला लांबच्या डोंगरावरच्या टॉवरचा लाल दिवा घेतला. चौकटीच्या उजव्या कडेला तो ठेवून फोकस मोठा करून पाहिला: इन्फिनिटीच्या जरा अलीकडेच टाचणीच्या टोकाएवढा बारीक झाला. तसाच असतो, कारण या नळ्या मुद्दाम केसभर आखूड करतात. मग दिवा डाव्या कडेला घेतला. रिंग फिरवत नेली, शेवटच्या ठोक्याला जाऊन अडली, तरी दिवा वाटाण्याएवढा गोळाच. म्हणजे नळी एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला बरोबर: तिरकी.

कुठल्या बाजूला फट? सेन्सरवर चित्र उलटं पडतं. डावीकडचं दृश्य उजवीकडे उतरतं. डावीकडे धूसर, तर फट उजवीकडे. लेन्स चिमटीत धरून हलवली, उजव्या बाजूला बारीकशी टक जाणवली. लेन्स सोडवून टॉर्चमध्ये बघितलं. पुढची कडी नळीला चार स्क्रूंनी धरलेली. त्यातले उजवीकडचे दोघे नखानं फिरत होते.

बॅगेत सगळं होतं. तीन बॅटऱ्या, चार कार्डं, आल्याची वडी, पाऊस नसताना रेनकोट. स्क्रू ड्रायव्हर नव्हता.

आत आख्यान, म्हणजे रात्रीचं मुख्य नाटक, सुरू होण्याआधीची गडबड. पेटीमास्तर तंबाखू मळत बाहेर आले. मला तसा बसलेला बघून म्हणाले, "काय रे झिला, कॅमेऱ्याक भूत लागला काय?"

म्हटलं, "मास्तर, दोन स्क्रू ढिले झालेत. तुमच्याकडे काही असेल का?"

"माझो सूर बसलो की मी पेटी उघडतंय कशान, दातान?" असं म्हणून ते आत गेले आणि पायपेटीच्या फळीखालून एक कापडी गुंडाळी घेऊन आले. त्यात मोराचं पीस, ब्लेडचा तुकडा, दोन पितळी सूर आणि एक बारीक चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर. माझ्या स्क्रूंची खाच अधिकची, हा वजाचा, पण एका रेघेत नेमका बसला. मी जोर लावणार तोच मास्तरांनी हात धरला. "पितळ हा ता. एकदा पिळून चारी बाजून, मगे दुसऱ्यांदा." मला लाज वाटली. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळायचे, हे चाक बसवणारा पोरगाही जाणतो. मी एका बाजूचा पूर्ण पिळायला निघालो होतो, म्हणजे फट उजवीकडून डावीकडे पाठवली असती.

चारही आवळले. टॉवरचा दिवा पुन्हा दोन्ही कडांना घेतला. दोन्हीकडे टाचणी.

स्त्रीपार्टी करणारे नट तोवर नऊवारी सावरत बाहेर येऊन आमचा उद्योग बघत उभे होते. ते म्हणाले, परत ढिले होणार, थांब. आणि रंगाच्या पेटीतून नेलपॉलिशची बाटली आणली. गडद लाल. ही युक्ती मला माहीत होती, चष्मेवालेही करतात. पण ती बाटली माझ्याआधी त्यांना आठवली. लेन्स आणि बॉडी बाजूला ठेवून चारही डोक्यांवर एकेक थेंब सोडला. त्यांनी बोटांनी वारा घालून वाळवला, अगदी स्वतःच्या नखांना घालावा तसा. मग मास्तरांनी स्क्रू ड्रायव्हर मोजून गुंडाळीत घातला, हो, मोजून, एकच होता तरी, आणि दोघेही आत गेले.

पुढची रात्र सुरळीत. सायलेंट शटर मी वापरलं नाही. एलईडीच्या दिव्यांखाली त्यानं आडवे पट्टे येतात हे आधीच्या एका रात्री भोगलेलं होतं. शटर एकशतांश सेकंदावर ठेवलं, विजेच्या लपलपीशी ते जुळतं. बाकड्यावर बसलेला राजा, तेच बाकडं घटकेत सिंहासन आणि घटकेत डोंगर, मागे भिंतीला टेकून झोपलेली म्हातारी, पेंगणाऱ्या बापाच्या खांद्यावर टक्क जागं पोर. २४ मधून सगळं कडेपासून कडेपर्यंत. पहाटे दहीकाला झाला तेव्हा हंडीखालच्या गर्दीत शिरलो आणि दह्याचे दोन शिंतोडे पुढच्या काचेवर घेऊन बाहेर आलो.

संकासुराचा तो फोटो मी दिला. काढून टाकायचा मोह झाला होता, पण पळणारा मुलगा ओळखू येतो आणि आज्जीचा पदरही. वहीतल्या नोंदीत त्याच्यापुढे लिहिलं: २४, एफ २.८, स्थिरीकरण चुकीचं, ॲडॅप्टरचे उजवे दोन स्क्रू ढिले. संस्थेतल्या बाईंचा फोन आला. त्यांना फोटोबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. विचारायचं होतं की "स्क्रू ढिले" हे रकान्यात कुठे भरायचं.

८०-२०० साठी आता वेगळा, पाया असलेला ॲडॅप्टर घेतला आहे. जुना २४ लाच लावून ठेवला आहे, काढत नाही. लाल ठिपके चारही आहेत. एकाचा थोडा टवका उडालाय, त्यावर पुन्हा थेंब घालायला हवा. घरातली बाटली गुलाबी आहे, म्हणून राहिलंय.