रीड_मेमवरच्या रिव्ह्यूला उत्तर देताना

सध्या लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरी डिव्हाइस ड्रायव्हरवर एक छोटा पॅच (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) घेऊन बसलेय. फाइलचं नाव मेम.सी. हजार ओळींचीही नाही, पण /डेव्ह/नल, /डेव्ह/झिरो, /डेव्ह/फुल या खास डिव्हाइस फाइल्स इथेच राहतात आणि त्यांच्याच शेजारी /डेव्ह/मेम, ज्यातून थेट फिजिकल मेमरी वाचता येते. पूर्वी /डेव्ह/केमेम पण इथेच होतं, ते ५.१३ मध्ये, म्हणजे २०२१ ला, काढून टाकलं.

माझ्या पॅचमध्ये कोडची एकही ओळ बदललेली नाही. /डेव्ह/मेम वाचताना चालणाऱ्या रीड_मेम फंक्शनच्या डोक्यावर एक सविस्तर कॉमेंट आहे, की हे फंक्शन काय तपासतं, कुठल्या परिस्थितीत काय परत देतं, कॉल करणाऱ्याने कशाची अपेक्षा ठेवायची. नुसती कॉमेंट आहे, पटकन आत जाईल असं कुणालाही वाटेल, पण रिव्ह्यू आला तो चांगला लांबलचक, आणि मला तो मनापासून आवडला कारण प्रश्न विचारणाऱ्याने फंक्शन ओळ न ओळ वाचलेलं होतं.

काही प्रश्न सरळ होते. उदाहरणार्थ, फंक्शन आधी एका पेजएवढा (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) बाउन्स बफर, म्हणजे मधली तात्पुरती जागा, घेतं, मेमरी त्यात कॉपी करतं आणि मग तिथून युजरला, म्हणजे मागणाऱ्या प्रोग्रॅमला, देतं, तर हा मधला फेरा कशाला? याचं उत्तर गिट ब्लेममध्येच (कुठली ओळ कुठल्या बदलातून आली ते दाखवणारी कमांड) मिळतं. हार्डन्ड युजरकॉपी ही कर्नलची सुरक्षा तपासणी चालू असेल तर कर्नलचा स्वतःचा टेक्स्ट भाग (त्याचा चालणारा कोड) थेट युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅम्सना) कॉपी करायला ती नकार देते, आणि स्ट्रिक्ट डेव्हमेम (/डेव्ह/मेममधून रॅम वाचण्यावरची बंदी) बंद असलेल्या मशीनवर तो भाग वाचता यायला हवा, म्हणून बाउन्स बफर आला. अशा प्रश्नाला "हो, गरजेचं आहे" एवढंच लिहून भागत नाही, ज्या कमिटमुळे (नोंदलेल्या बदलामुळे) तो कोड आला त्याचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, आणि एका वाक्यात कारण दिलं की समोरच्याला स्वतः शोधत बसावं लागत नाही. आणि ते एक वाक्य मी कॉमेंटमध्येही टाकलं, कारण आज एकाला पडलेला प्रश्न उद्या दुसऱ्याला पडणारच.

दुसरा प्रश्न ऑफसेटचा, म्हणजे वाचन कुठून सुरू करायचं त्या जागेचा. सुरुवातीलाच फंक्शन ऑफसेट फिजिकल अॅड्रेसच्या टाइपमध्ये घेतं आणि तो मूळ ऑफसेटशी जुळत नसेल तर शून्य परत देतं. फाइल ऑफसेट ६४ बिटचा असतो, पण काही ३२ बिट आर्किटेक्चरवर फिजिकल अॅड्रेस ३२ बिटचाच, त्यामुळे मोठा ऑफसेट कापला जातो. या मर्यादेच्या पलीकडे वाचायला गेलात तर ती फाइल संपल्यासारखी स्थिती, म्हणून शून्य. लिहिण्याचं फंक्शन राइट_मेम मात्र तिथेच ईएफबिग ही एरर देतं, कारण तुम्ही लिहायला दिलेला डेटा कुठेच गेला नाही हे तुम्हाला कळायलाच हवं. हे मला पटतं.

खरा गुंता तिसऱ्या प्रश्नात होता. मी लिहिलं होतं की मध्येच फॉल्ट (मेमरीच्या त्या जागेला पोचता न येणं) आला तर फंक्शन एरर देतं, आणि रिव्ह्यूमध्ये विचारलं की आधीची काही पेजेस युजरच्या बफरमध्ये पोचली असतील तर? तेवढे बाइट मोजून परत द्यायला नकोत का, राइट तर देतं.

हे नीट बघण्यासारखं आहे. रीड_मेम एका वेळी जास्तीत जास्त एका पेजपर्यंतचा तुकडा घेतं, तो द्यायची परवानगी आहे का बघतं, कॉपी करतं, पुढे सरकतं. तिसऱ्या तुकड्यात गडबड झाली तर सरळ फेल्ड लेबलवर उडी, बफर मोकळा, आणि ईफॉल्ट (चुकीचा पत्ता) किंवा ईपर्म (परवानगी नाही) परत. पहिले दोन तुकडे युजरकडे पोचलेले असतात, पण त्याला सांगितलं जातं ते फक्त एरर, आणि फाइल पोझिशनही हलत नाही. सिग्नल आला तर मात्र तोपर्यंत वाचलेले बाइट नीट मोजून मिळतात, म्हणजे शॉर्ट रीड (मागितल्यापेक्षा कमी बाइट देणं) या फंक्शनला वर्ज्य नाही. बरं, राइट_मेम तरी सगळीकडे सारखं वागतं का, तर नाही, कॉपी अर्धवट राहिली तर ते आधी लिहिलेले बाइट मोजून देतं पण पुढचं पेजच निषिद्ध निघालं तर तेही थेट ईपर्म देऊन मोकळं, आधीची पेजेस लिहून झाली असली तरी.

अशा वेळी हात शिवशिवतात, दोन ओळी बदलल्या की रीड आणि राइट सारखे. पण /डेव्ह/मेम वापरणारे प्रोग्रॅम जुने आहेत, आणि एखादा प्रोग्रॅम मोठा रीड करून ईपर्म आला की "इथून पुढे बंदी" असं समजत असेल तर त्याला अचानक शॉर्ट रीड मिळायला लागेल. युजरस्पेस मोडायचं नाही हा कर्नलचा नियम इथे जड पडतो. कॉमेंटच्या पॅचमध्ये वागणूक बदलायची नाही यावर मी ठाम राहिले आणि तसं स्पष्ट लिहिलं.

पण नुसतं ठाम राहून काय उपयोग, दाखवायला हवं. म्हणून एक छोटी टेस्ट लिहिली: वाचलेलं ठेवायच्या बफरसाठी लागून असलेली दोन पेजेस मॅप करायची, पहिल्यात ओळखू येईल असा पॅटर्न भरायचा, दुसऱ्याची परवानगी काढून घ्यायची, आणि /डेव्ह/मेममधून ४०९६ ऑफसेटपासून ८१९२ बाइट, म्हणजे दोन पेजेस, त्यात वाचायला सांगायचं. एक्स८६ वर स्ट्रिक्ट डेव्हमेम चालू असताना पहिल्या १ एमबीमधली रॅम वाचायची परवानगी असते पण खरा डेटा न मिळता शून्यं मिळतात, त्यामुळे पहिल्या पेजमधला पॅटर्न पुसून शून्यं आली आणि दुसऱ्यात लिहिता न आल्याने परत आला तो ईफॉल्ट. बफर बदललाय आणि उत्तर म्हणतंय चुकलं, हे आउटपुटमध्ये समोरासमोर दिसतं, मग त्यावर वाद राहत नाही.

त्यातून रिव्ह्यूअरचा मूळ मुद्दा मला जास्त नीट कळला. त्याची काळजी अशी होती की एकदा फंक्शनच्या डोक्यावर "असं होतं" लिहिलं की लोक त्यावर विसंबून कोड लिहितात आणि पुढे कुणाला ते सुधारायचं असेल तर वाटच बंद. हा आक्षेप रास्त आहे! म्हणून पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत, व्ही२ मध्ये, शब्दरचना बदलली: एरर आल्यास युजर बफरमधल्या मजकुराबद्दल काहीही गृहीत धरू नये, तो अंशतः बदललेला असू शकतो. आजची वागणूकही सांगितली गेली आणि उद्याच्या बदलाला जागाही राहिली. माझ्या पहिल्या उत्तरापेक्षा हे वाक्य कितीतरी चांगलं आहे आणि ते त्या प्रश्नामुळे सुचलं.

एक आक्षेप मी मान्य केला नाही. पेज_इज_अलाउड (पेजला परवानगी आहे का हे आकड्यात सांगणारं फंक्शन) काय काय परत देतं ते या कॉमेंटमध्ये नको, ते त्या फंक्शनपाशी असावं, असं म्हणणं होतं. पण २ आलं की शून्यं दाखवायची हा निर्णय रीड_मेम घेतं, राइट त्याच २ वर लिहिणं गाळतं आणि तरी बाइट मोजतं, म्हणजे अर्थ वापरणाऱ्याकडे आहे. हे मी त्याच्या वाक्याखालीच लिहिलं, दोन्ही फंक्शनमधल्या ओळी दाखवून, आणि शेवटी विचारलं की तरीही हलवावं असं वाटतं का. उत्तर आलं, राहू दे.

व्ही२ मध्ये तीन डॅशखाली (हा भाग कायमच्या नोंदीत जात नाही) काय बदललं आणि काय मुद्दाम तसंच ठेवलं हे दोन्ही लिहिलंय. कॉमेंटचा मजकूर बराच बदलल्यामुळे आधी मिळालेला रिव्ह्यूड-बाय टॅग (तपासून होकार दिल्याची नावासह नोंद) मी स्वतःहून काढला आणि तेही सांगितलं, ज्याने जुना मजकूर वाचून होकार दिला त्याचं नाव नव्या मजकुराखाली कसं ठेवायचं. आता निदान आठवडाभर तरी कुणाला आठवण करायची नाही. राइट_मेममधल्या ईपर्मचा विषय वेगळ्या पॅचमध्ये मांडणार आहे, टेस्ट आधी आणि प्रस्ताव नंतर.