दूध बाधलं?

पावसाळा लागला की आमच्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दारावर कडक पहारा असतो. नाक ओढणाऱ्या कुणालाही आत सोडत नाही, मग तो बाळाचा बाप का असेना. आरएसव्हीसारख्या विषाणूने मोठ्या माणसाला नुसतं पडसं होतं. दीड किलोच्या बाळाला कधीकधी खोकलासुद्धा येत नाही, ते थेट श्वास घ्यायचं थांबतं. म्हणून त्या सकाळी कोपऱ्यातल्या बेडवरचं बाळ पुन्हा पुन्हा निळं पडायला लागलं, तेव्हा सगळ्यांना आधी त्याचे शिंकणारे वडील आठवले.

बाळ २८ आठवड्यांतच जन्मलेलं, जन्मवजन ७२० ग्रॅम. आता सहा आठवड्यांचं झालं होतं, श्वासाला आधार देणारा सीपॅप सुटला होता, घरी कधी सोडणार याच्या गोष्टी चालल्या होत्या. आणि अचानक हे. रंग राखाडी, पोट फुगलेलं, नळीने दिलेलं दूध तसंच परत. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ४२ हजारांवर घसरलेल्या. अँटीबायोटिक्स लगेच सुरू झाली, कारण अशा वेळी वाट बघत बसत नाहीत. पण जंतुसंसर्गात रक्तात वाढणारा सीआरपी फारसा वाढला नव्हता, ४८ तासांनी ब्लड कल्चरमध्येही कुठला जंतू उगवला नाही. नाकातल्या स्वॅबमध्ये आरएसव्ही नव्हता. वडील सुटले.

मग लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले दिसले आणि आमच्या डॉक्टर सरांनी लघवी सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूच्या पीसीआर तपासणीला पाठवायला सांगितली. पॉझिटिव्ह. वजन वयाच्या मानाने कमी होतं म्हणून पहिल्याच आठवड्यात हीच तपासणी झाली होती, तेव्हा ती निगेटिव्ह होती. नाहीतर विषाणू पोटातूनच आला की नंतर, हे आता सांगणं अवघड गेलं असतं. रक्त चढवलं होतं, पण ते पांढऱ्या पेशी गाळलेलं, म्हणजे त्यातून हा विषाणू यायची शक्यता कमी. राहता राहिलं आईचं दूध.

आपल्याकडे बहुतेक बायकांना हा विषाणू लहानपणीच होऊन गेलेला असतो आणि शरीरात गप्प बसून असतो. बाळंतपणानंतर तो दुधात पुन्हा जागा होतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याचा त्रास होत नाही, कारण आईच्या अँटीबॉडी त्याला शेवटच्या तीन महिन्यांत भरपूर मिळालेल्या असतात. हे बाळ तो वाटा घ्यायच्या आतच बाहेर आलं होतं.

हे सगळं आईला सांगितलं गेलं ते सासूबाईंसमोर. माझं स्पष्ट मत आहे, अशी गोष्ट आधी आईला एकटीला सांगावी. आजी लगेच म्हणाल्या, "मी म्हणतच होते, दूध बाधलं. आता डब्याचं सुरू करा." एरवी 'दूध बाधलं' असं कुणी म्हटलं की मी तिथल्या तिथे थांबवते. त्या दिवशी रिपोर्ट हातात धरून काय थांबवणार?

आई काही बोलली नाही. त्या दुपारी ती दूध काढायला बसलीच नाही, पंप धुऊन पिशवीत ठेवून दिला. भोरहून आलेली मुलगी, हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहिलेली, रात्री दोनलाही बाटली घेऊन दारात हजर असणारी.

"सिस्टर, म्हणजे मीच त्याला आजारी पाडलं ना?"

"ताई, विषाणू तुमच्या दुधातून आला, हे खरं. पण तो आता त्याच्या अंगात आहेच, दूध बंद करून जाणार नाही. डब्याच्या दुधावर अशा बाळांची आतडी सडलेली आम्ही पाहिली आहेत. तुमचं दूध बंद करायचं नाही, सरांनीही तेच सांगितलंय."

आजींना वेगळं बाहेर नेऊन समजवावं लागलं. त्याला जास्त वेळ लागला.

गॅन्सिक्लोव्हिर हे सीएमव्हीवरचं औषध सुरू झालं. ते हाताळताना केमोसारखी काळजी, ग्लोव्हज, गाऊन. आमची एक सिस्टर गरोदर होती, तिची ड्यूटी त्या बेडवरून काढली. औषधाने पांढऱ्या पेशी घसरतात म्हणून सारखं रक्त तपासायचं, आणि एवढ्याशा जिवात रक्त असतं तरी किती! दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट लाखावर गेल्या, पोट बसलं, फीड पुन्हा पूर्ण झालं. कानाच्या तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून दिली.

घरी जायच्या आदल्या दिवशी तिने फ्रीजरमधल्या उरलेल्या बाटल्या दाखवून विचारलं, "हे मिल्क बँकेला चालेल का, की माझं नकोच?" म्हटलं, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिसचे रिपोर्ट दाखवा, त्यांचा फॉर्म भरा. तिथे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, त्यात सीएमव्ही उरत नाही. फॉर्म आजींनीच आणला.