प्रार्थनेच्या वेळी मी कुठे असेन?

२०१६ च्या जून महिन्यात बारावीचा निकाल हातात पडला, तेव्हा कोणता विषय घ्यायचा हे माझ्या मनात पक्के होते. कुठे शिकायचे, हे मात्र ठरत नव्हते. मला प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेऊन बी.ए. करायचे होते. त्यासाठी मनात भरले होते ते मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज, जे जेझुइट या कॅथलिक ख्रिस्ती संघाच्या धर्मगुरूंनी १८६९ मध्ये स्थापन केले आणि जे आजही त्यांच्याच व्यवस्थापनाखाली चालते. मी देव मानत नाही. साताऱ्यातील आमच्या घरात देव्हारा नाही, बाबा अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे जुने कार्यकर्ते आहेत, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती. अशा घरातल्या मुलीने ज्याच्या आवारात चॅपल, म्हणजे छोटे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, आहे अशा कॉलेजात प्रवेश घ्यावा का, हा प्रश्न सोडवण्यात आमचे जवळजवळ तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांविषयी लिहिते आहे, कारण अशाच पेचात सापडलेल्या दोन मुलींनी मला अलीकडे विचारले आणि दोघींनाही फोनवर नीट सांगता आले नाही.

झेवियर्सच का, हे आधी सांगायला हवे. दहावीच्या सुट्टीत मी फादर हेन्री हेरास यांच्याविषयी वाचले होते. स्पेनमधून आलेल्या या जेझुइट इतिहासकाराने १९२६ मध्ये या कॉलेजात भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था सुरू केली, जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांनी मूर्ती, नाणी आणि ग्रंथ जमवले, सिंधू लिपीचा उलगडा करण्यात कित्येक वर्षे घालवली आणि १९५५ मध्ये मुंबईतच देह ठेवला. लिपीविषयीचे त्यांचे निष्कर्ष विद्वानांनी मान्य केले नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण जो माणूस स्वतः एका धर्माचा दीक्षित सेवक आहे तो दुसऱ्या धर्मांच्या मूर्ती इतक्या निगुतीने जपतो आणि त्यांचा अभ्यास करतो, याचे मला विलक्षण आकर्षण वाटले. मूर्तीकडे पूजेसाठी नव्हे तर समजून घेण्यासाठी पाहायचे असेल, तर ते इथे शिकता येईल असे वाटले.

विरोध आजीकडून होईल अशी माझी अटकळ होती. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती चाळीस वर्षे एकादशी करते आणि बाबांच्या नास्तिकपणाशी तिने कधीच जुळवून घेतलेले नाही. तिने मात्र एवढेच विचारले, "पोरीला तिथं शिकायला जायचंय का पूजायला?" शिकायला, असे मी सांगितले. त्यावर "मग जा," म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

खरा विरोध बाबांचा होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यांचे पहिले म्हणणे सुसंगतीचे होते. मी पाचवीत असताना आमच्या शाळेत सत्यनारायण घातला गेला, तेव्हा बाबांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहून मला त्या दिवशी घरी ठेवले होते. शाळेतली पूजा नको म्हणणाऱ्याने कॉलेजातली मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक उपासना, चालवून घ्यायची का, असे ते विचारत होते. दुसरा आक्षेप इतिहासाचा होता. ज्या संताचे नाव कॉलेजला आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची विनंती केली होती. ते धर्मन्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटला आणि आजही वाटतो. शिक्षणसंस्थांच्या प्रवेशात आरक्षणाची मुभा देणाऱ्या घटनेच्या कलम १५(५) मधून अशा अल्पसंख्याक संस्थांना वगळलेले असल्यामुळे माझा ओबीसीचा दाखला तिथे उपयोगाचा नव्हता, आणि ज्याच्या बैठकीच्या खोलीत जोतिराव फुल्यांची तसबीर आहे अशा माणसाला ही गोष्ट बोचणे स्वाभाविक होते. गुण चांगले होते म्हणून माझे भागेल, पण माझ्यासारख्या दुसऱ्या मुलीचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला देता आले नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

पहिल्या आक्षेपावर मात्र मी बरेच दिवस विचार केला, आणि त्या विचारात मला माझे कनिष्ठ महाविद्यालय आठवत राहिले. ते कोणत्याही धर्माचे नाव न लावणारे, अनुदानित, आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेचे आहे. अकरावीच्या सुरुवातीला तिथे सरस्वतीपूजन झाले. 'सर्वांनी उपस्थित राहावे' अशी सूचना फळ्यावर लिहिलेली होती, आणि दहावीला जास्त गुण असल्यामुळे आरतीचे ताम्हन माझ्या हातात देण्यात आले. त्या ताम्हनाची कड गरम झालेली होती, निरांजनातली वात माझ्या श्वासाने हलत होती आणि समोर पाचशे मुले उभी होती. मला नको म्हणायचे होते. मी म्हणाले नाही. ताम्हन तीनदा ओवाळले आणि खाली ठेवले, आणि घरी आल्यावर बाबांना त्यातले काहीही सांगितले नाही. पुढच्या वर्षी धीर करून वर्गशिक्षकांना म्हटले की मला पूजेत भाग घ्यायचा नाही, तेव्हा ते रागावले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, हा धर्म कुठे आहे? ही तर आपली संस्कृती आहे." या वाक्यापुढे बोलायला जागाच उरत नाही. जे धर्म म्हणून मान्यच केले जात नाही, त्यातून सूट मागणार कशी?

हे सगळे मी बाबांना प्रथमच सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग कपाटातून भारताच्या संविधानाची मराठी प्रत काढून त्यांनी कलम २८ उघडले. त्याच्या तिसऱ्या खंडात जे आहे ते थोडक्यात असे: राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शैक्षणिक संस्थेत दिल्या जाणाऱ्या धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची किंवा तिथे होणाऱ्या उपासनेला उपस्थित राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही; त्यासाठी त्या व्यक्तीची, आणि ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर तिच्या पालकाची, संमती लागते. म्हणजे घटनेने संस्था धार्मिक आहे की नाही यापेक्षा संमती आहे की नाही याला महत्त्व दिले आहे. बाबांनी १९८६ मधील बिजो इमॅन्युएल खटल्याचीही आठवण करून दिली. केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई घटनाबाह्य ठरवली. ती मुले अत्यंत श्रद्धाळू होती आणि मी अश्रद्ध, पण उभे राहणे आणि गाणे यांत जो फरक त्यांनी केला, तोच मला हवा होता. दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी मी उभी राहीन, शांत राहीन, पण हात जोडणार नाही आणि शब्द उच्चारणार नाही, एवढी रेघ मी स्वतःसाठी आखली. कॉलेज धार्मिक आहे का, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. तिथे प्रार्थना होते तेव्हा मी कुठे असेन आणि माझ्याकडून काय अपेक्षित असेल, एवढेच विचारायचे ठरवले.

हे प्रश्न कागदावर लिहून मी आणि बाबा रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला गेलो. महापालिका मार्गावरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत एका अध्यापक फादरांनी आम्हाला वीस मिनिटे दिली. चॅपलमधली मिस्सा ज्यांना हवी त्यांच्यासाठी असते, तिथे हजेरी घेतली जात नाही, असे त्यांनी सांगितले. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रार्थना झाली तर काय करू, असे विचारल्यावर म्हणाले, "तुला प्रामाणिकपणे जे करता येईल ते कर." मूल्यशिक्षणाच्या तासाला मी असहमती लिहिली तर गुण कापले जातील का, या प्रश्नावर ते हसले नाहीत, हे मला आवडले. युक्तिवाद कच्चा असेल तर कापले जातील, असे म्हणाले. शेवटी बाबांनी झेवियर यांच्या पत्राचा विषय काढलाच. मला अवघडल्यासारखे झाले. फादर म्हणाले की ते पत्र खरे आहे, गोव्यातल्या धर्मन्यायालयाचा इतिहासही खरा आहे, आणि त्यावरची पुस्तके तुमच्या मुलीला इथेच वाचायला मिळतील. बाबांनी मान हलवली. पटले असे ते म्हणाले नाहीत, पण कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

त्याच दिवशी दुपारी आम्ही मुलींचे एक वसतिगृह पाहायला गेलो, आणि तिथे नेमके उलटे घडले. ते सिस्टर्स चालवत, अतिशय स्वच्छ होते, कॉलेजपासून फार लांब नव्हते आणि शुल्क आम्हाला परवडणारे होते. नियमांच्या छापील पत्रकात सातवा नियम असा होता की संध्याकाळच्या प्रार्थनेला सर्व मुलींची उपस्थिती आवश्यक आहे. मला सूट मिळेल का, असे मी विचारले. सिस्टर नम्रपणे नाही म्हणाल्या. एकीला सूट दिली तर शिस्त राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे वसतिगृह अनुदानित शैक्षणिक संस्था नव्हते, त्यामुळे कलम २८ चा आधारही नव्हता. आपल्या घराचे नियम ठरवण्याचा त्यांना अधिकार आहे आणि तिथे न राहण्याचा मला. धार्मिक कॉलेजात जावे की नाही यावर तीन आठवडे खल केला, पण राहायच्या जागेचे नियम वाचायचे मला आधी सुचलेच नव्हते. ज्या मुली या वाटेने जाणार आहेत त्यांनी कॉलेजच्या माहितीपुस्तिकेइतकेच वसतिगृहाचे पत्रकही नीट वाचावे, आणि शिस्तीच्या सदराखाली काय लिहिले आहे ते आधी पाहावे.

पर्याय उरला तो डोंबिवलीच्या मावशीचा. रोज येऊन-जाऊन तीन तासांचा लोकलचा प्रवास, आणि परीक्षेच्या दिवसांत गाडी उशिरा आली की पोटात येणारा गोळा, ही त्या सातव्या नियमाला नकार देण्याची किंमत होती. मावशीकडे दीड दिवसाचा गणपती बसतो. तिथे मी मोदकांच्या पाऱ्या करते, आरतीच्या वेळी झांजाही वाजवते, आणि त्यात मला कधी विसंगती वाटली नाही, कारण मी आरती म्हटली नाही म्हणून मावशीने मला कधी टोकले नाही.

प्रवेशअर्जावर धर्माचा रकाना होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू – माळी' आहे. कोणाही नागरिकाला धर्म जाहीर करण्याची सक्ती शासनाला करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला होता आणि त्याचे कात्रण बाबांच्या फाइलमध्ये होते, पण ते दाखवून खिडकीवर वाद घालावा असे मला वाटले नाही. मी लिहिले: 'दाखल्यानुसार हिंदू, व्यक्तिशः कोणताही धर्म मानत नाही.' खिडकीवरच्या बाईंनी ती ओळ वाचली, दाखल्याशी ताडून पाहिली आणि शिक्का मारला. परतीच्या एस.टी.त खंडाळ्याचा घाट चढताना बाबा एवढेच म्हणाले की जोतिरावही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यानंतर ते झोपले.

तीन वर्षांत मी चॅपलमध्ये अनेकदा गेले, बहुतेक वेळा पुढच्या तासापूर्वी शांत बसायला मिळावे म्हणून. कार्यक्रमातल्या प्रार्थनेला उभी राहिले, हात बाजूला सोडून. माझी रेघ एकदाच पुसली गेली. दुसऱ्या वर्षी वर्गमैत्रिणीचे वडील गेले आणि आम्ही सगळ्या वसईला त्यांच्या मिस्साला गेलो. सगळे चर्च गुडघ्यांवर आले तेव्हा ती माझ्या शेजारी थरथरत होती. मीही तिच्याबरोबर गुडघे टेकले आणि तिचा हात धरून ठेवला. ते मला आजही चुकीचे वाटत नाही. मला तसे करायला कोणीही सांगितलेले नव्हते.

२०१९ च्या जूनमध्ये माझा धाकटा भाऊ अकरावीसाठी माझ्याच जुन्या कनिष्ठ महाविद्यालयात दाखल झाला आणि फळ्यावर तीच सूचना लागली. मी अर्ज लिहिला: पूजेची उपस्थिती ऐच्छिक करावी, आणि कलम २८(३) नुसार माझ्या भावाला सहभागी होण्याची संमती नाही. तो अठरा वर्षांखालील असल्यामुळे खाली सही बाबांची आहे. कार्यालयातल्या लिपिकांनी अर्ज दोनदा वाचला, आत जाऊन आले आणि आवक क्रमांक टाकून पोच दिली. भाऊ त्या दिवशी कॉलेजला गेला आणि पूजा होईपर्यंत वाचनालयात बसला. त्याला कोणी काही बोलले नाही. लेखी उत्तर मात्र आलेले नाही. पोच बाबांच्या फाइलमध्ये, २०१४ च्या कात्रणाच्या मागे लावलेली आहे.