लाइट गेली, तेव्हा ऐकू आलं

हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याहून सोलापूर, मग रिक्षानं पूर्व भाग. शूटिंगचे पहिले दोन दिवस पत्र्याखालच्या उकाड्यात वाया. शूटिंग कुणाचं, तर ऐंशीच्या घरातल्या एका पद्मशाली विणकराचं; वॉल हँगिंग, म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रं, हातमागावर विणणारे. तेलुगू घर, म्हणून आजोबा नव्हे, ताता. भिंतीपलीकडे यंत्रमाग, त्या खडखडाटात कॉलरच्या माइकलाही ताता ऐकू येईनात.

तिसऱ्या दिवशी लाइट गेली आणि यंत्रमाग एकदम गप्प झाले. हातमागाला त्याचं काय! ताता खड्ड्यात पाय सोडून विणतच होते.

मागावर सिद्धेश्वराचं देऊळ, तेही आडवं झोपलेलं. "उभं विणलं की खांबाच्या कडेला चीर पडते की ओ." प्रत्येक रंगाची कांडी, म्हणजे धाग्याची गुंडाळी, आपल्या हद्दीतूनच माघारी फिरते, त्यामुळे दोन रंगांची सीमा सरळ उभी गेली की मध्ये फट राहते. चित्र आडवं घेतलं की तीच रेघ बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, दिशेनं जाते. जिथं टळत नाही तिथं शेजारचे दोन धागे एकमेकांत अडकवायचे. बाणा ताणून घातला तर कडा आत ओढल्या जाऊन कापड मध्येच बारीक होतं. म्हणून ताता धागा कमानीसारखा सैल सोडतात, मग फणीचा ठोका. दिवसाकाठी काम चार बोटं.

भिंतीवरच्या जुन्या तुकड्यात देऊळ अर्धं पांढरं, अर्धं सायीच्या रंगाचं. मोतीबिंदू पिकला होता तेव्हाचं. दोन्ही धागे सारखेच पिवळट दिसायचे. ऑपरेशननंतर चूक दिसली, पण उसवलं नाही. "तेव्हाचे डोळे तसे होते, काय करता?"

शूटिंगला जाणाऱ्यांनी एवढं करा: ट्यूबलाइटखाली सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर. 30 फ्रेमला 1/60 ठेवलंत तर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेमुळे चित्रावर पट्टे सरकतात. आवाजाची पातळी बोलण्यावर नाही, फणीच्या ठोक्यावर लावा; ठोका मीटरवर उणे 12 डेसिबलच्या वर गेला नाही म्हणजे आवाज फाटत नाही. मागाचा आवाज वेगळा घ्या. आणि "परत एकदा तसंच करा" म्हणू नका. तसंच करायला आधी विणलेलं उसवावं लागतं, आणि ताता भिडेखातर उसवतात.

पाऊण तासानं लाइट आली. पलीकडचे माग सुरू झाले. ताता बोलतच होते. रेकॉर्डिंगमध्ये पुढं फक्त ओठ हलतात.