स्टुडिओत बांधलेली तालीम

जाहिरात खेळाडूंसाठीच्या एका पेयाची होती. दिग्दर्शकाला तांबड्या मातीतली कुस्ती हवी होती आणि त्याच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरचं खासबाग मैदान होतं, शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१२ सालचं. तो विस्तार गोरेगावच्या स्टुडिओत मावणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, मैदान राहू दे, तालीम बांधू.

भिंतींचं फार अवघड नव्हतं. प्लायच्या चौकटींवर पीओपीचा काळा दगड, बुटकं दार, कोनाड्यात मारुती, वर खाशाबा जाधवांची तसबीर. पेंटरला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : तेलकट डाग खांद्याच्या उंचीवरच हवेत, कारण दमलेला पैलवान तिथेच टेकतो.

अडलं ते हौद्यापाशी, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यापाशी. हौदा जमिनीत खोल असतो आणि स्टुडिओची जमीन खणता येत नाही. म्हणून भोवतीची सगळी जागाच नऊ इंचांच्या लेव्हल, म्हणजे सेटवरचे चौथरे, टाकून उचलली आणि मधे २० बाय २० फुटांचा चौकोन मोकळा सोडला. त्यात माती किती? ३०० घनफूट, म्हणजे तीन ब्रास. खर्च पाहून निर्मात्यांनी सुचवलं की खाली फोम घाला, वर दोन इंच माती पसरा. दिसायला तेच दिसलं असतं, मीही तयार झालो होतो. सल्ल्याला बोलावलेल्या वस्तादांनी ऐकूनच मान हलवली. "पोरगं डावात फिरताना खालचं सरकलं, तर मान जाईल त्याची." फोम त्याच क्षणी रद्द केला.

पुढचे पाच दिवस वस्ताद सांगतील तसं. माती चाळली, ताक, तेल, हळद, लिंबू घातलं, रोज फावड्याने वरखाली केली. तिसऱ्या दिवशी तिचा वास बदलला आणि हातात घेतली की मऊ लागायला लागली. मातीत मिसळायला आणलेल्या रंगाच्या पुड्या मी परत पाठवल्या.

शूटिंगच्या दिवशी दिव्यांच्या उष्णतेने वरचा थर दोन तासांत सुकला, धूळ उडून लेन्सवर बसू लागली. प्रत्येक शॉटनंतर पाणी शिंपडून फावडं मारायचं असं ठरलं. ते काम पैलवानांनी आमच्या पोरांना करू दिलं नाही, स्वतःच केलं. हौद्यात उतरताना प्रत्येक जण माती कपाळाला लावत होता, कॅमेरा बंद असतानासुद्धा.

भिंती त्याच रात्री उतरवल्या. माती मात्र पोत्यांत भरून सकाळी टेम्पोने वस्तादांच्या तालमीत पोचवली.