मागीलदार
आषाढातली ओपीडी. ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासे विकणारी. तिने पिशवीतून जुने कागद काढले, तेही ओल लागून एकमेकांना चिकटलेले. दोन सिझर, मग पोटात फुटलेलं अपेंडिक्स, त्या टाक्यांतून आलेला हर्निया आणि त्यावर बसवलेली जाळी. आता तिला कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन हवं होतं. "पण ताई, पोट परत फाडू नका हो."

मी आधी तिच्या नवऱ्याकडे वळले. बिनटाक्याची नसबंदी सोपी आणि कमी धोक्याची, तीन महिन्यांनी वीर्य तपासलं की खात्री. हे मी प्रत्येक जोडप्याला कळकळीने सांगते. तो बोटीवर खलाशी, "जाळं ओढायला ताकद लागते," म्हणाला. ताकदीचा याच्याशी काही संबंध नाही, फक्त बीजाची नळी बंद होते, हे परोपरीने समजावलं. तो खाली बघत राहिला. शेवटी तीच म्हणाली, "माझंच करा." मला वाईट वाटलं.

बेंबीतून दुर्बीण घालायची तर जाळीला आतून आतडं चिकटलेलं असण्याची भीती. मी तिला म्हटलं, "पुढचं दार अडलंय, मागीलदाराने जाऊ." म्हणजे योनीमार्गातून, गर्भाशयाच्या मागच्या पोकळीत. सिझरनंतर चिकटतं ते बहुधा गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला, मागे जागा मोकळी सापडते. माझी चिंता अपेंडिक्सची होती, कारण त्याचा पू नेमका याच खोलगट जागेत उतरतो. सोनोग्राफीचा प्रोब हलकेच दाबून पाहिला. गर्भाशयामागे आतडं सुळकन सरकलं, म्हणजे तिथे चिकटलेलं नव्हतं. तरीही आत अडचण दिसली तर तिथेच थांबायचं, हे तिच्याशी बोलून संमतीपत्रात लिहून घेतलं.

पूर्ण भूल दिली. लघवीची पिशवी रिकामी केली, गर्भाशयाचं तोंड वर उचलून धरलं आणि मागच्या घडीत जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा छेद घेतला. आतलं पातळ आवरण कापताच पिवळसर, नितळ पाण्याचे चार थेंब ओघळले. त्या थेंबांचीच वाट पाहत होते मी! ते आले म्हणजे आपण पोकळीत पोचलो, आतड्यात नाही. बोट फिरवून पाहिलं, सगळं मोकळं. मग छेद उघडा धरणारी रिंग बसवली, जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरला, दुर्बीण आत घातली. वर जाळीला चरबीचा पडदा घट्ट चिकटून लोंबत होता. बेंबीतून गेलो असतो तर त्यातच शिरलो असतो. खाली मात्र दोन्ही गर्भनळ्या टोकाच्या झालरीपर्यंत स्वच्छ दिसत होत्या. दोन्ही पूर्ण काढल्या, रक्तस्राव नाही ना हे पुन्हा पाहिलं, विरघळणारे टाके घातले.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर ती पदर बाजूला करून पोट चाचपत होती.

"ताई, पट्टी कुठाय?"

"नाहीच."

सहा आठवडे संबंध नाही आणि डोक्यावर पाटी नाही, असं बजावलं. नवरा दारातच उभा होता. मासेमारी बंदीमुळे बोट किनाऱ्यालाच होती.

"नारळी पौर्णिमेपर्यंत पाटी मी उचलीन," तो म्हणाला आणि तिची पिशवी घेऊन पुढे चालू लागला.