टाकीचं मॉडेल: पाणी खरंच ढवळलं जातं का?

मॉडेलमधली पाण्याची टाकी अशी धरली आहे: १० घनमीटर पाणी, रोजचा वापर ४ घनमीटर. म्हणजे पाणी सरासरी ६० तास आत राहतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं हे सरासरी वय मिश्रण कसंही झालं तरी तेवढंच येतं, म्हणून एकट्या या आकड्यावर विसंबता येत नाही.

क्लोरीन जोडलं की फरक दिसतो. घट दिवसाला ०.५ या दराने आणि प्रवाह सतत सारखा धरला, तर पूर्ण मिसळलेल्या टाकीतून निघताना ४४ टक्के क्लोरीन उरतं. पाणी रांगेने पुढे सरकत असेल तर जेमतेम २९. पहिल्या टाकीत थोडं पाणी आल्या आल्या निघून जातं, तेच सरासरी वर नेतं. पण त्याच टाकीतून निघणारं ५ टक्के पाणी साडेसात दिवसांहून जुनं असतं. मला ही शेपटी जास्त महत्त्वाची वाटते.

ईपीएनेट या पाणीपुरवठ्याचं मॉडेल करणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये मिश्रणाचे चार पर्याय आहेत: पूर्ण मिश्रण, दोन कप्पे (नवं पाणी पहिल्या कप्प्यातच मिसळतं, तो भरला की जास्तीचं दुसऱ्यात जातं), आधी आलेलं आधी बाहेर, शेवटी आलेलं आधी बाहेर. निवड आपणच करायची. इनलेट कुठे आहे, पाईप किती जाड आहे, हे ते टाकीसाठी विचारतच नाही.

म्हणून मिश्रणाला लागणारा वेळ वेगळा काढला. आत शिरणाऱ्या झोतासाठी तो साधारण ९ × (आकारमानाचा दोन-तृतीयांश घात) ÷ (संवेगप्रवाहाचं, म्हणजे प्रवाह × झोताचा वेग याचं, वर्गमूळ); मोजमाप मीटर-सेकंदात. ४० मिमी पाईप, सेकंदाला १ लिटर: सुमारे २५ मिनिटं. प्रवाह निम्मा केला तर वेळ दुप्पट, पण तेवढ्या वेळात भरलेलं पाणी तेच, जवळपास दीड घनमीटर! समीकरणातून प्रवाहच निघून जातो. झोत खळाळता असेल आणि नवं-जुनं पाणी एकाच तापमानाचं असेल, तर एका दमात किती भरलं आणि पाईप किती बारीक, एवढंच उरतं. २५ मिमी पाईपला सुमारे ०.९ घनमीटर पुरतं. या आठवड्याचं सगळ्यात आनंदाचं उत्तर हेच.

फ्लोट व्हॉल्व्ह मात्र थोडं पाणी वापरलं की उघडतो आणि लगेच बंद होतो. एवढ्याशा भरण्याने टाकी ढवळली जाईल असं धरणं मला पटत नाही, तिथे दोन कप्प्यांचा पर्याय लावतो आहे. तुलनेसाठी तीच टाकी खालच्या पातळीला सुरू आणि वरच्या पातळीला बंद होणाऱ्या पंपाने, एका वेळी २ घनमीटर भरून चालवायची आहे. दुसऱ्या कप्प्यातलं वय कुठे थांबतं, ते आता बघतो.